नमुन्याप्रमाणे आवाज

सायलेन्सर गळून पडला तो रविवारी सकाळी सव्वानऊला, आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींच्या पायांपासून दोन फुटांवर. धाडकन पडला असंही नाही. आधी खरखर झाली, मग गाडीच्या पोटाखालून ते गंजकं पिंप हळूच जमिनीला टेकलं, दमलेला माणूस बाकावर टेकतो तसं. त्यानंतर मात्र इंजिनाने जो आवाज काढला त्याने तिसऱ्या मजल्यापर्यंतची तावदानं हलली. सेक्रेटरी काहीतरी बोलत होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. इतक्या वर्षांत त्यांचं बोलणं मला पहिल्यांदाच ऐकू आलं नाही, एवढाच त्या सकाळचा फायदा.

गाडी माझी नाही. आमच्या हिची. जपानहून आलेली, बुटकी, दोन दारांची, लाल. मागे दोन सीट आहेत, पण त्यांवर बसायचं तर पाय घरी ठेवून यावं लागतं. हिने ती जुनीच घेतली आणि चौदा वर्षं रोज कामावर नेली. ही पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची. पाणी तपासणाऱ्या बाईला शर्यतीची गाडी कशाला, असं लोक विचारायचे. ही म्हणायची, पाण्याला घाई नसते, मला असते. ही गेली त्याला आता अकरा महिने झाले.

मला गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे सगळ्यांनी ते मला सांगितलं. मी नट-बोल्टच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. जागच्या न हलणाऱ्या वस्तूंशी माझं जमतं. आजारपणात हिने मला एवढंच शिकवलं होतं: गिअर न्यूट्रलला आहे का ते बघा, किल्ली फिरवा, आणि बाकी कशाला हात लावू नका. बॅटरी उतरू नये म्हणून. तेव्हापासून मी दर रविवारी खाली जायचो, तिच्या सीटवर बसायचो, किल्ली फिरवायचो आणि घड्याळ लावून दहा मिनिटांनी गाडी बंद करायचो. एक रविवार चुकवला नाही. मला वाटायचं, मी गाडी सांभाळतोय.

आता आवाजाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी झालं. संध्याकाळी ही कामावरून यायची तेव्हा लॉन्ड्रीच्या वळणावर गाडी एकदा मोठ्याने घुरकायची. मग क्षणभर काहीच नाही. मग खालच्या आवाजात गुरगुर, थेट फाटकापर्यंत. तिथून गाडी लावून, लिफ्टने वर येईपर्यंत मला साधारण तीन मिनिटं मिळत. माझी पाळी तीनला सुटायची. मी घरी येऊन आंघोळ करायचो आणि ओला टॉवेल पलंगावर टाकायचो. हा टॉवेल म्हणजे आमच्या संसारातला सर्वात मोठा प्रश्न. दुसरी जोडपी पैशांवरून भांडतात, सासरच्या माणसांवरून भांडतात. आमचं सगळं भांडण त्या टॉवेलमध्ये मुरलेलं होतं. मग ही गाडी आली, आणि घुरकण्याचा आवाज कानावर पडला की माझे पाय आपोआप उठायला लागले. टॉवेल उचलून गॅलरीत दोरीवर. कप विसळून जागेवर. ही दार उघडायची तेव्हा मी वर्तमानपत्र घेऊन सभ्य माणसासारखा बसलेला असायचो. भांडण मिटलं. हिला वाटलं मी सुधारलो. मीही तिला तसं वाटू दिलं.

आता टॉवेल पलंगावरच असतो. कोणी काही म्हणत नाही.

तेव्हा मला नवा सायलेन्सर नको होता. मला तो आवाज हवा होता. घरात बसून, वळणावरून येणारा, एकदा तरी. हे मी कोणाला सांगितलं नाही. लोकांना मी एवढंच सांगितलं की महिनाअखेरीला गाडीची सरकारी तपासणी आहे, आणि त्यात नापास झाली तर नोंदणी रद्द होऊन गाडी भंगारात जाईल. हेही खरंच होतं.

बातमी जिन्यातून वर जायला दुपारपर्यंतचा वेळ लागला. संध्याकाळी सल्ले खाली यायला सुरुवात झाली. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी सांगितलं, आहे तेच वेल्डिंग करून घ्या, मूळचं ते मूळचं. ते दातांबद्दलही हेच म्हणतात आणि मग काढतात. सेक्रेटरींनी लेखी कळवलं की इमारतीच्या आवारात मर्यादेपेक्षा जास्त आवाज करणाऱ्या वस्तू ठेवता येणार नाहीत, आणि खाली माझं नाव घालून गाडी लाल असल्याची नोंद केली. रंगाचा काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही. माझा मेव्हणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, त्याच दिवशी आला. त्याने गाडीखाली वाकून पाहिलं, उठताना कंबर धरली आणि म्हणाला की भाऊजी, विकून टाका, माझ्याकडे गिऱ्हाईक आहे. मेव्हण्याकडे प्रत्येक गोष्टीला गिऱ्हाईक असतं. हिच्या आजारपणातही त्याच्याकडे एक डॉक्टर होता.

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो. माल मागवायचा तर वर्णन लिहीत बसू नये. नमुना पाठवावा आणि खाली लिहावं, नमुन्याप्रमाणे. म्हणून मी तो गळलेला सायलेन्सर जुन्या चादरीत गुंडाळला, दोरीने बांधला आणि मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो. उभाच होतो खरं तर. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय आहे हो हे. मी म्हटलं, बायकोचं आहे. त्या उठल्या आणि मला जागा दिली. मग मी बसलो.

गॅरेजच्या भिंतीवर सायलेन्सर टांगलेले होते. बँडच्या खोलीत वाजवायची वाद्यं टांगतात तसे. एकतोंडी, दोनतोंडी, चकचकीत, निळसर झाक असलेले. गॅरेजवाल्याने चादर सोडली, सायलेन्सर उलटा केला. आतून तांबडं पाणी आणि गंजाचे पोपडे त्याच्या टेबलावर पडले. तो बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, गाडी किती चालते?

मी सांगितलं, चालत नाही, पण दर रविवारी दहा मिनिटं न चुकता चालू करतो.

"मग तुम्हीच खाल्लात हा, काका," तो म्हणाला. रागाने नाही, माहिती म्हणून. "गाडी तापायच्या आत बंद केली की आत पाणी धरतं. ते वाळत नाही. चालती असती तर अजून पाच वर्षं गेला असता."

मी म्हटलं, अस्सं.

स्टोअरमध्ये माल खराब झाला की आम्ही एक फॉर्म भरायचो. वस्तू, तारीख, खराबीचं कारण, जबाबदार व्यक्ती. मी तिथे उभ्या उभ्या तो मनात भरला. कारण, पाणी. जबाबदार व्यक्ती, स्टोअरकीपर. जन्मभर पाणी तपासणाऱ्या बाईची गाडी मी पाण्याने मारली होती, तीही नेमाने, घड्याळ लावून.

गॅरेजवाल्याला माझा चेहरा दिसला असावा. त्याने स्टूल पुढे केलं आणि विचारलं, कसा पाहिजे. मी म्हटलं, असाच. नमुन्याप्रमाणे. तो म्हणाला की गाडीच्या कंपनीने हा बनवायचं केव्हाच बंद केलंय, आता जो काही बसेल तो बाहेरच्या कंपनीचा. मी म्हटलं, आकार कसाही चालेल, आवाज असाच हवा. मग त्याने विचारलं, असाच म्हणजे कसा. त्या गॅरेजमध्ये, तीन गिऱ्हाइकांसमोर, साठी उलटलेल्या माणसाने तोंडाने गाडीचा आवाज काढून दाखवला. एकदा घुर्र, मग गप्प, मग गुरगुर. एक गिऱ्हाईक पाठ फिरवून हसलं. गॅरेजवाला मात्र हसला नाही. त्याने पुन्हा करायला सांगितलं. मी पुन्हा केला.

मग त्याने फोनवर वेगवेगळ्या सायलेन्सरांचे आवाज ऐकवले. फोनवर सगळेच डासासारखे वाजतात. शेवटी असं ठरलं की तो एकेक सायलेन्सर बसवून देईल, आम्ही घरी नेऊन ऐकायचा, आणि पसंत पडला नाही तर दुसऱ्या दिवशी परत. असं मी कोणाला करू देत नाही, असं तो म्हणाला. का करू दिलं ते मात्र म्हणाला नाही.

चाचणीची पद्धत मी ठरवली. मेव्हण्याने गाडी चालवायची. संध्याकाळी सहाला, लॉन्ड्रीच्या वळणावरून. मी वर घरात, माझ्या खुर्चीत. खिडकी अर्धी उघडी, कारण ती तशीच असायची. पलंगावर ओला टॉवेल. प्रत्यक्ष वापराच्या परिस्थितीत चाचणी घ्यावी, हे आम्हाला कारखान्यात शिकवलं होतं. आणि पास-नापास ठरवायची कसोटी एकच: माझे पाय आपोआप उठले पाहिजेत.

पहिला होता निळसर झाकेचा, रुंद तोंडाचा. सहाला वळणावर असा आवाज झाला की शेजारच्या इमारतीत कोणीतरी लोखंडी कपाट जिन्यावरून ओढतंय असं वाटलं. आवारातल्या दोन गाड्यांचे भोंगे आपोआप वाजायला लागले. दंतवैद्य हातात आरसा घेऊन गॅलरीत आले, आत पेशंट तोंड उघडं ठेवून बसलेला असणार. सेक्रेटरी फोन उंच धरून आवाज मोजत होते आणि आकडा मोठ्याने ओरडून सांगत होते, पण तो आवाजामुळे कोणालाच कळला नाही. माझे पाय उठले नाहीत. उलट मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

दुसरा दोनतोंडी. हा आवाज वाईट नव्हता. खर्जातला, सलग, श्रीमंत माणसाच्या घोरण्यासारखा. मेव्हण्याला तो इतका आवडला की त्याने चार फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला मुलं फाटकापाशी जमून टाळ्या वाजवत होती. मी वर खुर्चीत डोळे मिटून बसलो होतो. आवाज वळणावर आला, आला आणि निघून गेला, दुसऱ्या कोणाच्या तरी घरी.

मेव्हणा वर आला तो घामाघूम आणि खूश. त्याने पलंगावरचा टॉवेल पाहिला, अर्धी उघडी खिडकी पाहिली, मला पाहिलं. मग तो पलंगाच्या कडेला, टॉवेल न सरकवता बसला.

"भाऊजी," तो म्हणाला, "ताई येणार नाहीये."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "पण कुठला बसवायचा ते ठरवायला नको का?"

 उठताना तो म्हणाला की उद्या तिसरा आणतो. त्यानंतर गिऱ्हाइकाचा विषय त्याने काढला नाही.

तिसरा अगदी साधा. एकतोंडी, स्टीलचा, काही डौल नाही. सहा वाजले, सव्वासहा झाले. मी वाट बघत बसलो. दाराची घंटा वाजली, उघडलं तर मेव्हणा उभा. मी विचारलं, निघाला नाहीस अजून? तो म्हणाला, आलोसुद्धा, दोन फेऱ्या झाल्या.

गॅरेजवाल्याने सांगितलं, तपासणीच्या यंत्रावर यातला हा एकच पास होईल. चौथा त्याच्याकडे नव्हता. तपासणीला पाच दिवस होते. मी म्हटलं, राहू दे हाच. गाडी वाचवायची की आवाज, यात मी गाडी वाचवली. त्या संध्याकाळी आंघोळ करून टॉवेल पलंगावर टाकला आणि त्याच्याशेजारीच आडवा झालो.

एवढ्यावर भागलं असतं, पण तपासणीचा फॉर्म भरायचा होता. तपासणी कार्यालयात, चार नंबरच्या खिडकीवर, आधी जपानी भाषेवरून काम अडलं. गाडीच्या दाराच्या आत एक जपानी पट्टी आहे, तिचं अधिकृत भाषांतर आणा म्हणाले. भाषांतरकाराने तीन दिवस घेतले आणि शिक्का मारून लिहून दिलं: दार लावताना बोटे सांभाळा. खिडकीतल्या कारकुनाने ते वाचलं, फाइलला लावलं आणि समाधानाने पान उलटलं. मग म्हणाला, मालकाची सही?

"मालक वारल्या," मी सांगितलं.

"मग त्यांचं ना-हरकत पत्र लागेल," तो खाली बघतच म्हणाला.

"त्यांची हरकत नाही. असती तर आतापर्यंत बोलल्या असत्या."

त्याने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. पेन खाली ठेवलं. मग जरा हळू आवाजात म्हणाला की गाडी आधी तुमच्या नावावर करावी लागेल, त्यासाठी सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, अजून कोण आहे. मी सांगितलं, एक मुलगी आहे, परगावी असते. तो म्हणाला, बोलावून घ्या.

मुलीला मी यातलं काही कळवलं नव्हतं. हिच्यानंतर ती दोनदा आली, पण खाली गाडीकडे न बघता जायची. मीही विषय काढायचो नाही. फोनवर आमचं बोलणं औषधं, जेवण आणि हवा यांच्यापलीकडे जात नव्हतं. मी सांगितलं, सहीपुरती ये. ती पहाटेच्या बसने आली, आम्ही दोघांनी खिडकीपाशी सह्या केल्या. तपासणीला गाडी कोण आणणार, असं कारकुनाने विचारलं. मेव्हण्याची कंबर दोनतोंडी सायलेन्सरच्या चौथ्या फेरीपासून दुखत होती, ती आता पुरती धरली होती. मुलगी म्हणाली, मी आणते.

ती घरी येऊन किल्ली घेऊन गेली. मी सोबत निघालो तर म्हणाली, बाबा, रांग मोठी असणार, तुम्ही घरीच थांबा, आंघोळ करा, दोन घास खा. मी गॅलरीतून पाहिलं. ती सीटवर बसली, आणि सीट मागेपुढे न करता तशीच निघाली. दोघींची उंची सारखीच. हे मला माहीत होतं, पण लक्षात आलं नव्हतं.

मी आंघोळ केली, दोन घास खाल्ले, खुर्चीत टेकलो. तपासणीत काय होईल याची काळजी होती. ती करता करता डोळा लागला.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. खुर्चीतून उठल्याचं आठवत नाही. मी जागा झालो तो पलंगापाशी, उभा, हातात ओला टॉवेल. खालून फाटकाकडे हलकी गुरगुर येत होती. त्याच्या आधी क्षणभर काहीच नव्हतं. आणि त्याच्याही आधी, लॉन्ड्रीच्या वळणावर, गाडी एकदा घुरकली होती. तो साधा, स्टीलचा, एकतोंडी सायलेन्सर. मी घड्याळाकडे पाहिलं. आता लिफ्ट. आता दार. मी तिथून हललो नाही. टॉवेल धरून तसाच उभा राहिलो.

मुलीने स्वतःजवळच्या किल्लीने दार उघडलं. पास झाली, असं म्हणत आत आली, आणि मला पाहून दारातच थांबली.

"आवाज कसा काढलास?" मी विचारलं.

"कुठला?"

"वळणावरचा."

"तो होय. सवयीने." तिने गाडीची किल्ली हिच्या खुंटीला अडकवली. "आईने शिकवलं तेव्हापासून हात-पाय तसेच चालतात. वळणावर गिअर खाली, एकदा पाय जोरात दाबायचा आणि मग फाटकापर्यंत सोडून द्यायचा."

मी म्हटलं, पण दाबायचा कशाला. वळणावर तर हळू करतात.

ती माझ्या हातातल्या टॉवेलकडे बघत राहिली.

"मीही तेव्हा तेच विचारलं होतं," ती म्हणाली. "आई म्हणाली, तुझे बाबा वर टॉवेल पसरून बसलेत. त्यांना वेळ नको का द्यायला?"

मी पलंगावर बसलो. चौदा वर्षं मी तिला फसवत होतो, या हिशेबात मी आजवर जगलो होतो. थोडी लाजही वाटायची, आणि खरं सांगतो, थोडी फुशारकीही. आणि ही रोज संध्याकाळी, दिवसभर काम करून दमलेली, लॉन्ड्रीच्या वळणावर पाय दाबून मला सांगत होती की मी आले, उठा. वर येऊन मी वर्तमानपत्र वाचताना दिसलो की, काय म्हणता, एवढंच विचारत होती. एकदाही तिने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"तिला माहीत होतं," मी म्हटलं.

"बाबा, सगळ्या इमारतीला माहीत होतं. गाडी वळणावर आली की तुम्ही टॉवेल घेऊन गॅलरीत पळत यायचात."

ती माझ्याशेजारी बसली. अकरा महिन्यांत आम्ही दोघं एकत्र रडलो नव्हतो. ते त्या दिवशी झालं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

नंतर ती चहा टाकायला आत गेली आणि आतूनच म्हणाली की गाडीला आठवड्यातून एकदा तरी पंधरा-वीस किलोमीटर पळवावं लागेल, मी दर शनिवारी येत जाईन. मी म्हटलं, दर शनिवारी कशाला, लांब पडतं. ती म्हणाली, मग तुम्ही शिका. मी हो म्हटलं नाही. पण नाही असंही म्हटलं नाही.

टॉवेल अजून हातातच होता. मी तो गॅलरीत नेला, झटकला आणि दोरीवर पसरला. खाली सेक्रेटरी फोन घेऊन उभे होते, आवाजाचा आकडा बघत. त्यांनी मान वर करून विचारलं, शेवटी कुठला बसवला?

मी म्हटलं, साधाच.

"छान. म्हणजे आता आवाज येत नाही ना?"

मी टॉवेलला दोन चिमटे लावले.

"येतो," मी म्हटलं.